राजा चांगला असताना घटना कशाला?

मागच्या महिन्यातली गोष्ट. आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून असोसिएशनची सभा भरली होती. बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेली ही इमारत. भोवती कारखाने, समोर होसूर रोड आणि ऑगस्ट २०२५ पासून हाकेच्या अंतरावर मेट्रोचं शेवटचं स्टेशन. राहणारे सगळ्या मुलखांतले. कन्नड, तमिळ, तेलुगू, ओडिया, बंगाली आणि आम्ही चार-पाच मराठी घरं.

सभेचा विषय होता असोसिएशनची नवी नियमावली. दोन-तीन तरुण मुलांनी रात्री जागून बावीस कलमांचा मसुदा तयार केला होता. चेकवर दोघांच्या सह्या हव्यात. सेक्रेटरी दोन वर्षांनी बदलावा. जमाखर्च दर महिन्याला फलकावर लागावा. भाडेकरूंचाही एक प्रतिनिधी कमिटीत असावा.

आता आमचे सेक्रेटरी म्हणजे सगळ्यांचे ‘अंकल’. इथल्याच एका कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. आठ वर्षं सगळा कारभार एकटे बघतात. पाण्याचा टँकर आला नाही तर पहाटे पाचला फोनवर तेच. लिफ्ट अडकली तर चावी घेऊन धावणारेही तेच. एका पैशाचा घोळ नाही. मसुदा वाचून होताच आमच्या कोल्हापूरच्या वहिनी उठल्या आणि सरळच म्हणाल्या, ‘‘अंकल एवढं घरच्यासारखं बघतात, मग हे कायदेकानून कशाला? हा त्यांच्यावरचा अविश्वास नाही का?’’

सभा एकदम गप्प झाली. अंकल खाली बघत होते. त्यांचा चेहरा पडलेला सगळ्यांनाच दिसला. मसुदा लिहिणारी मुलंही चपापली. शेवटी ‘पुढच्या रविवारी बघू’ असं म्हणून चहा झाला आणि मंडळी पांगली.

मी मात्र वहिनींचा प्रश्न डोक्यात घेऊनच जिना चढलो. कारण प्रश्न साधा नव्हता. राजा चांगला असताना घटना कशाला? हाच प्रश्न एकदा आपल्या सातारच्या मुलखात उभा राहिला होता, आणि त्याचं उत्तर एका राजानेच दिलं होतं.

औंधचा राजा

साताऱ्याजवळचं औंध म्हणजे यमाईचं औंध. छत्रपती राजारामांच्या काळापासून चालत आलेल्या पंतप्रतिनिधींचं हे संस्थान. जेमतेम पाचशे चौरस मैलांचा मुलूख, सत्तरेक गावं आणि पाऊण लाखाच्या आसपास वस्ती. तीही एकसंध नाही. औंध इकडे, आटपाडी तिकडे, कुंडल आणखी दुसरीकडे आणि गुणदाळ तर थेट विजापूरकडे. म्हणजे आजच्या कर्नाटकात.

१९०९ मध्ये इथे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी गादीवर आले. हा माणूस राजा म्हणून जितका प्रसिद्ध नव्हता, तितका सूर्यनमस्कारांसाठी होता. स्वतः रोज नमस्कार घालत आणि शाळेतल्या पोरांकडूनही घालून घेत. उत्तम चित्रकार होते, कीर्तनही करत. लक्ष्मणराव किर्लोस्करांवर कारखाना हलवायची वेळ आली, तेव्हा याच राजाने त्यांना कुंडलजवळच्या माळावर जागा दिली. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. बंगलोरकरांना ‘किर्लोस्कर इलेक्ट्रिक’ हे नाव माहीत असतं. १९४६ मध्ये इथे सुरू झालेल्या त्या कारखान्याची मूळ वेल त्या औंधच्या माळावरची.

सांगायचा मुद्दा असा की प्रजेला या राजाबद्दल तक्रार करायला फारशी जागा नव्हती. अशा राजाने सत्तरी गाठल्यावर, नोव्हेंबर १९३८ मध्ये, जाहीर केलं की आजवर माझ्या हातात असलेली सत्ता मी प्रजेच्या हाती देतो.

त्या वेळी देशात लहानमोठी साडेपाचशेंवर संस्थानं होती. बहुतेक ठिकाणी प्रजा जबाबदार राज्यपद्धतीसाठी झगडत होती आणि राजे लाठ्या चालवत होते. औंधमध्येही प्रजेची चळवळ होतीच. पण राजाने स्वतःहून पुढे येऊन सगळा कारभारच सोपवून देणं ही अजब गोष्ट होती.

बंगलोरचा इंजिनिअर

या कामी बंगलोरचा संबंध आला तो असा. त्या काळी म्हैसूर संस्थानचे दिवाण होते सर मिर्झा इस्माईल. त्यांनी बंगलोरच्या सरकारी इलेक्ट्रिक कारखान्यासाठी युरोपातून एक हुशार इंजिनिअर आणला. मॉरिस फ्रीडमन त्याचं नाव. जन्म पोलंडमधल्या वॉर्साचा, ज्यू घरातला. म्हैसूर रोडवरच्या ज्या कारखान्याला पुढे ‘कविका’ हे नाव मिळालं, त्याचीच ही सुरुवात.

पण हा इंजिनिअर नुसता यंत्रांत रमणारा नव्हता. तो रमण महर्षींच्या दर्शनाला गेला, गांधीजींकडे गेला, चरख्यात सुधारणा करत बसला. एक दिवस भगवी वस्त्रं घालून ‘भारतानंद’ झाला. सरकारी कारखान्याचा युरोपियन मॅनेजर भगव्या कपड्यांत! बंगलोरच्या क्लबांत काय चर्चा झाली असेल, त्याची कल्पनाच केलेली बरी.

औंधच्या राजाचे चिरंजीव अप्पासाहेब पंत तेव्हा ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन परतले होते. त्यांची आणि फ्रीडमनची गट्टी जमली आणि बंगलोरचा हा इंजिनिअर औंधच्या माळावर येऊन पोहोचला. राजाच्या सत्तात्यागाच्या घोषणेपासून घटनेच्या मसुद्यापर्यंत त्याचा हात होता. मसुदा घेऊन ही मंडळी वर्ध्याजवळच्या आश्रमात गांधीजींकडे गेली. गांधीजींनी नुसता आशीर्वाद देऊन त्यांची बोळवण केली नाही. त्यांनी स्वतः त्यात लक्ष घातलं आणि एक गोष्ट ठामपणे सांगितली. राज्य वरून खाली रचू नका, गावापासून वर रचा.

जानेवारी १९३९ मध्ये औंधची ही ‘स्वराज्य घटना’ अमलात आली. भारताची राज्यघटना येण्याआधी पुरी अकरा वर्षं.

गावापासून वर

तिची रचना सोपी होती. प्रत्येक गावाने पाच जणांची पंचायत निवडायची. त्या पाचांनी आपला प्रमुख निवडायचा. गावोगावचे प्रमुख मिळून तालुक्याची पंचायत बनायची आणि तालुक्यांतून प्रतिनिधी जायचे राज्याच्या विधिमंडळात. मंत्री त्या विधिमंडळाला जबाबदार. महसुलाचा मोठा वाटा गावा-तालुक्यांकडेच राहायचा. लहानसहान तंटे गावातच मिटायचे. राजाच्या खासगी खर्चालाही मर्यादा घातली गेली. म्हणजे खजिन्याची किल्ली गेली आणि राजा उरला तो वडीलधारा सल्लागार म्हणून.

नव्या व्यवस्थेत अप्पासाहेब मुख्य मंत्री झाले. राजाचाच मुलगा मुख्य मंत्री, मग बदललं काय, असं कुणी विचारेल. बदललं ते हे की आता त्यांना लोकांच्या प्रतिनिधींसमोर उभं राहून हिशेब द्यावा लागत होता. बापाच्या दरबारात मुलगा हिशेब देत नसतो.

सगळं गोडगोड झालं असं समजू नका. गावं म्हटली की भाऊबंदकी आली, गट आले, जुनी वैरं आली. तरी त्या आठ-नऊ वर्षांत औंधमध्ये बरंच काही घडलं. आटपाडीजवळच्या माळावर ‘स्वतंत्रपूर’ नावाचा बिनभिंतीचा तुरुंग उभा राहिला. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथे कुटुंबासह राहून शेती करू लागले. ही कल्पनाही फ्रीडमनचीच. त्याच मुलखातल्या माडगुळ्याचे ग. दि. माडगूळकर आणि व्ही. शांताराम यांनी त्यावरून १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ पडद्यावर आणला. चित्रपट सगळ्यांच्या लक्षात आहे. औंधच्या राज्यघटनेच्या काळातल्या एका प्रयोगातून तो उगवला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. बेचाळीसच्या धामधुमीत नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं ठाणं बनलेलं कुंडलही याच संस्थानातलं.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झालं आणि ही छोटी राज्यघटना इतिहासजमा झाली. फ्रीडमन पुढे मुंबईत राहिला. खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं इंग्रजीत आणून १९७३ मध्ये जगासमोर ठेवणारा मॉरिस फ्रीडमन तो हाच.

दिल्लीतला मसुदा

औंधची घटना संपत होती, तेव्हा दिल्लीत साऱ्या देशाच्या घटनेचा मसुदा तयार होत होता. ९ डिसेंबर १९४६ ला घटना समिती पहिल्यांदा बसली. २९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली गेली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले. घटनात्मक सल्लागार होते बेनेगल नरसिंग राव, मूळचे मंगळूरचे. मसुदा समितीतले एन. माधवराव म्हणजे म्हैसूरचे माजी दिवाण. म्हणजे दिल्लीच्या त्या टेबलाभोवती कर्नाटकही होतं आणि महाराष्ट्रही.

काम किती किचकट होतं पाहा. फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा लोकांसाठी प्रसिद्ध केला. त्यात ३१५ कलमं होती. त्यावर ७,६३५ दुरुस्त्या दाखल झाल्या आणि त्यांतल्या २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. (आमच्या बावीस कलमांवर चाळीस हरकती आल्या, तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. तो आता खाली घेतला.) मसुदा समितीत सात जण. त्यांतल्या एकाने राजीनामा दिला, एकाचं निधन झालं, कुणी परदेशी, कुणी सरकारी कामात, कुणाची प्रकृती साथ देईना. टी. टी. कृष्णम्माचारींनी सभागृहातच सांगून टाकलं की शेवटी सगळा भार पडला तो डॉ. आंबेडकरांवर. मधुमेहाने पोखरलेल्या शरीराने त्यांनी तो पेलला.

आणि इथेच औंधचा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना बाबासाहेबांनी गावाबद्दलचं आपलं मत जराही आडपडदा न ठेवता सांगितलं. त्यांच्या लेखी खेडं म्हणजे संकुचितपणाचं, अज्ञानाचं आणि जातीयतेचं आगर. म्हणून घटनेचा पाया गाव नव्हे, तर व्यक्ती. सभागृहात खळबळ उडाली. एच. व्ही. कामतांसारखे सभासद उसळून उठले. गांधीजींना जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि त्यांच्या ग्रामस्वराज्याला हे उत्तर!

पण वाचकहो, एक क्षण थांबून विचार करा. औंधच्या राजाने गावावर विश्वास टाकला. पण त्याने गाव पाहिलं होतं वाड्यावरून. बाबासाहेबांनी गाव पाहिलं होतं वेशीबाहेरून. ज्या माणसाच्या समाजाला पाणवठ्यावर जाऊ दिलं जात नव्हतं, तो पाच पंचांच्या हाती निर्धास्तपणे न्याय कसा सोपवणार? ते पाच पंच कोण असणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. १९३२ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात ग्रामपंचायतीच्या विधेयकावर बोलतानाही त्यांनी हाच धोका दाखवला होता आणि दलितांना पंचायतीत खास प्रतिनिधित्व हवं अशी मागणी केली होती.

मग निवाडा काय झाला? २२ नोव्हेंबर १९४८ ला के. संथानम यांनी ग्रामपंचायतींबद्दलचं एक कलम सुचवलं. बाबासाहेबांनी ताणून न धरता ते स्वीकारलं. तेच आजचं कलम ४०. राज्यांनी ग्रामपंचायती स्थापाव्यात आणि त्यांना स्वराज्याचे घटक म्हणून अधिकार द्यावेत, असं सांगणारं. बंधनकारक नाही, पण दार किलकिलं ठेवणारं.

तरी काहींचं समाधान झालं नाही. नोव्हेंबर १९४९ मध्ये म्हैसूरचे प्रतिनिधी के. हनुमंतय्या, म्हणजेच पुढे बंगलोरचं विधानसौध उभारणारे मुख्यमंत्री, खेदाने म्हणाले की आम्हाला वीणा-सतारीचे सूर ऐकायचे होते आणि कानी पडतोय तो इंग्रजी बँड. हे बोलूनही ते त्याच घटनेचे झाले आणि त्याच घटनेनुसार मुख्यमंत्री झाले. मतभेद असूनही सही करता येते, हे त्या पिढीला जमत होतं.

विश्वास आणि कुलूप

२६ नोव्हेंबर १९४९ ला घटना स्वीकारली गेली. त्याच्या आदल्या दिवशी बाबासाहेबांनी जे भाषण केलं, त्यात आमच्या कोल्हापूरच्या वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्यांनी बजावलं की माणूस कितीही मोठा असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका. कृतज्ञता असावी, पण तिलाही मर्यादा असावी. धर्मातली भक्ती माणसाला तारेल, पण राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. आणि दुसऱ्या बाजूने त्यांनी हेही सांगितलं की घटना कितीही चांगली असली, तरी ती राबवणारी माणसं वाईट निघाली तर ती वाईटच ठरेल.

दोन्ही गोष्टी एकत्र धरायच्या. चांगली माणसंही हवीत आणि चांगले नियमही.

गावाच्या बाबतीतही शेवटी तसंच झालं. कर्नाटकात अब्दुल नझीरसाब नावाचे एक मंत्री होते. त्यांनी खेडोपाडी इतक्या कूपनलिका खोदल्या की लोक त्यांना ‘नीरसाब’ म्हणत. त्यांच्या पुढाकाराने १९८३ मध्ये कर्नाटकाने पंचायतींचा नवा कायदा केला आणि त्यात स्त्रियांसाठी चौथा हिस्सा जागा राखून ठेवल्या. मग १९९२ मध्ये संसदेने त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती केली आणि २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली. पंचायती आता राज्यांच्या मर्जीवर राहिल्या नाहीत. निवडणुका दर पाच वर्षांनी. दलित-आदिवासींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा. स्त्रियांना किमान एक तृतीयांश, आणि आता महाराष्ट्र-कर्नाटकात तर निम्म्या.

म्हणजे पाहा, गावाला सत्ता मिळाली ती औंधच्या राजाला हवी होती तशी. आणि तिला जी कुलपं लागली, ती बाबासाहेबांनी मागितली होती तशी. एकाने विश्वास दिला, दुसऱ्याने खबरदारी दिली. दोघांपैकी एकाचंच ऐकलं असतं तर काम अर्धवट राहिलं असतं.

पुन्हा पार्किंगमध्ये

पुढच्या सभेच्या आदल्या संध्याकाळी अंकल गेटपाशी भेटले. मी त्यांना औंधच्या राजाची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फ्रीडमनचं नाव आणि कारखान्याची हकीकत ऐकून तर त्यांच्यातला जुना इंजिनिअर खुलला. मग हळूच विचारलं, ‘‘राजाला वाईट नाही वाटलं?’’

मी म्हटलं, ‘‘वाटलंही असेल अंकल. पण त्याच्यानंतर कोण येणार हे त्याला ठाऊक नव्हतं. नियम चांगल्या माणसाला बांधायला नसतात. त्याच्या खुर्चीवर उद्या जो बसेल, त्याच्यासाठी असतात.’’

ते काही बोलले नाहीत.

रविवारी सभेला ते आले ते चेकबुक आणि आठ वर्षांच्या वह्या पिशवीत घालूनच. पिशवी टेबलावर ठेवली आणि दोन सह्यांच्या कलमाला स्वतःच अनुमोदन दिलं. टाळ्या वाजल्या. सगळ्यात जास्त वाजवल्या त्या कोल्हापूरच्या वहिनींनी. सेक्रेटरीच्या मुदतीचं कलमही त्यापाठोपाठ मंजूर झालं.

पुढे सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. भाडेकरूंच्या प्रतिनिधीवरून तास-दीड तास वाद झाला. ‘‘आज आहेत, उद्या नाहीत, त्यांना कशाला हक्क?’’ असा एक सूर. ‘‘मेंटेनन्स देतात, पाणी त्यांनाही लागतं,’’ असा दुसरा. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी ओडिया मुलगी कोपऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती. तिला बसायला खुर्चीही कुणी दिली नव्हती. मला वेशीबाहेरून गाव बघणाऱ्या माणसाची आठवण झाली. मी उठून माझी खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि जे बोलायचं ते बोललो.

शेवटी तडजोड झाली. भाडेकरूंचा एक प्रतिनिधी कमिटीत बसेल, बोलेल, पण मत देणार नाही. मतदानाचं पुढच्या वर्षी बघू. माझं समाधान झालेलं नाही, त्या मुलीचंही नसावं. पण दार किलकिलं राहिलंय. आणि कलम ४० चं दारही पुरतं उघडायला त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षं लागली होती.

आमच्याकडे तितकी लागणार नाहीत अशी आशा करू या. पुढच्या वर्षीच्या सभेत हा विषय मी पुन्हा मांडणार आहे. अंकल म्हणालेत, अनुमोदन ते देतील.